कबुलीनंतरचं अपील

कोर्टाची पायरी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : वकीलबाईंना नमस्कार. माझा मोठा भाऊ मोटारसायकली भाड्याने द्यायचा. मांद्रेला एका भाड्याच्या खोलीत पोलिसांना ७४० ग्रॅम चरस सापडला. खोली गोव्याबाहेरच्या दोघांची. भाऊ तेव्हा घरी होता, त्याला दोन दिवसांनी नेला. त्याच्याकडे काहीच मिळालं नाही, पण त्या दोघांशी झालेले फोन आणि त्यांच्याकडून मोबाइलवर आलेले पैसे दाखवून त्याला कटात घेतला. जामीन एकदा नाकारला, आम्ही वर गेलो नाही. चौदा महिने कोलवाळच्या तुरुंगात काढल्यावर आमचे वकील म्हणाले, "कबूल कर, भोगलंय तेवढ्यावर सुटशील." त्याने कबूल केलं. शिक्षा झाली चार वर्षं सश्रम कारावास आणि पन्नास हजार दंड, दंड न भरल्यास आणखी एक वर्ष. त्या दोघांचा खटला अजून चालू आहे. निकालाला चार महिने झाले. आई म्हणते अपील करूया. गावातले एक जाणते म्हणतात, गुन्हा कबूल केल्यावर अपील होतच नाही. खरं काय? मी बावीस वर्षांची आहे, घरात धावपळ करणारी मीच.
— एक बहीण, पेडणे तालुका

उत्तर : बावीस वर्षांची आहेस म्हणून तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

तुमचे जाणते अर्धे बरोबर आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३७५ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१६ एकच गोष्ट सांगतं. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवरच त्याला दोषी ठरवलं, तर अपील नाही. पण वाक्य तिथे संपत नाही. सत्र न्यायालयाने अशी शिक्षा दिली असेल, तर ती किती दिली आणि कायद्याला धरून दिली का, एवढ्यापुरतं अपील करता येतं. अमली पदार्थांचं विशेष न्यायालय इथे सत्र न्यायालयासारखंच धरलं जातं. तेव्हा शिक्षेवरचं अपील तुझ्या भावाच्या हक्काचं आहे.

'मी केलंच नाही' हे म्हणायची वाट मात्र बंद झाली. फोन कुणाचे, पैसे कशाचे, खोलीची झडती नीट झाली का, नमुने वेर्ण्याच्या प्रयोगशाळेत सीलबंद पोचले का, हे सगळं खटल्यात लढायचं असतं. खटला झालाच नाही. एक मुद्दा मात्र राहतो, आणि तुझ्या पत्रात मला तोच मोठा वाटतो : त्याने दिलेली कबुली ही कायद्याच्या अर्थाने कबुली होती का? मुळात ती कबुलीच नव्हती असं दिसलं, तर अपिलावरची बंदी तिला लागत नाही. अनेक उच्च न्यायालयांनी हे मान्य केलं आहे. अपिलात अडचण आली तर पुनरीक्षण अर्जाने (खालच्या न्यायालयाचा हुकूम वरच्याने तपासावा, असा अर्ज) किंवा उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराखाली तोच प्रश्न मांडता येतो.

पण त्याआधी कागद. लोक आधी मोठा वकील शोधतात आणि कागद शेवटी काढतात. तू उलटं कर. निकालाची एक प्रत आरोपीला फुकट मिळायला हवी, ती तुरुंगात भावाकडे असेल. तिच्याशिवाय चार गोष्टींच्या सत्यप्रतींसाठी अर्ज कर : न्यायालयाने ठेवलेला दोषारोप, कबुलीची नोंद, त्या तारखेचा रोजनामा (कोर्टाने ठेवलेली त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद) आणि जामीन नाकारल्याचा हुकूम. दोषारोप आणि पोलिसांचं आरोपपत्र या वेगळ्या वस्तू आहेत. आरोपपत्र जाडजूड असतं, दोषारोप बहुतेक वेळा एक-दोन पानांचा. तुझ्या भावाने जे कबूल केलं ते त्या एक-दोन पानांतलं.

ती पानं घेऊन कुणी इंग्रजी नीट वाचणारा माणूस शेजारी बसव आणि पाहा. दोषारोपात नुसतं 'कलम २० आणि कलम २९' असं आहे, की भावाने कुणाबरोबर, केव्हा, काय ठरवलं हे लिहिलंय? अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम २० चरस-गांजाचं, आणि कलम २९ म्हणजे कट किंवा चिथावणी. त्याला शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच, म्हणून त्या खोलीतला सगळा ७४० ग्रॅम त्याच्या नावावर चढला. दोषारोप त्याला कोणत्या भाषेत समजावला? आपल्याकडे कामकाज इंग्रजीत चालतं, मुलं कोंकणी-मराठी बोलतात. 'वाचून दाखवला व समजावला' या छापील ओळीत भाषेचं नाव आहे का? दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते हे त्याला सांगितल्याची नोंद आहे का? विचार करायला वेळ दिला, की त्याच दिवशी दोषारोप, कबुली आणि शिक्षा असं सगळं उरकलं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कबुली त्याच्या शब्दांत लिहिली आहे, की 'आरोपी गुन्हा कबूल करतो' एवढं एकच वाक्य आहे?

हे शेवटचं का विचारते ते सांगते. माणूस गुन्ह्यातल्या घटना कबूल करतो, कायद्याचं कलम कबूल करत नाही. महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य या १९६६ मध्ये छापून आलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कबुली शक्य तितकी आरोपीच्याच शब्दांत न लिहिल्याबद्दल शिक्षा रद्द केली होती. तो खटला दंडाधिकाऱ्यापुढचा होता आणि तिथल्या कलमात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. सत्र न्यायालयाच्या कलमात 'कबुलीची नोंद करावी' इतकंच आहे, त्यामुळे सरकारी वकील हा फरक दाखवणारच. तरी तत्त्व तेच राहतं, आणि कटासारख्या गुन्ह्यात तर ते जास्तच लागू पडतं. समज, तुझा भाऊ म्हणाला, "होय, त्यांना मी गाडी दिली होती, पैसे गाडीच्या भाड्याचे." आणि समोर लिहिलं गेलं, 'गुन्हा कबूल.' गाडी भाड्याने देणं आणि भाडं घेणं हा कट नव्हे. चरसाची माहिती असून त्या कामात सामील व्हायचं ठरवलं, तर कट. पहिलं बोललेला माणूस कबुली देत नाहीये, बचाव मांडतोय, आणि अशा वेळी न्यायाधीशाने त्याला 'खटला चालवू' असं सांगायला हवं. कबुली आली तरी शिक्षा केलीच पाहिजे असं नाही, ते न्यायाधीशाच्या विवेकावर सोडलेलं आहे.

तुरुंगात पुढच्या भेटीला गेलीस की भावाला एवढंच विचार : "तुला काय विचारलं, आणि तू काय म्हणालास?" त्याचे शब्द घरी येऊन लिहून ठेव. 'तुला फसवलं ना?' असं विचारू नकोस. तुरुंगात बसलेला माणूस त्याला 'हो'च म्हणणार.

आता वकिलांच्या त्या वाक्याबद्दल. 'भोगलंय तेवढ्यावर सुटशील' हे ऐकून मी चिडते. ७४० ग्रॅम चरस हा मधल्या टप्प्यात येतो. १०० ग्रॅमपेक्षा कमी ते अल्प, एक किलोपेक्षा जास्त ते व्यापारी. मधल्या टप्प्याला किमान शिक्षा नाही, कमाल दहा वर्षं आणि एक लाख दंड. म्हणजे न्यायाधीशाला चौदा महिने देता आले असते हे खरं, आणि नऊ वर्षं देता आली असती हेही तितकंच खरं. हमी कुणालाच देता येत नाही. कायद्याने मान्य केलेली कबुलीची वाटाघाट आपल्याकडे २००६ पासून आहे, पण ती सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना. तुझ्या भावाचं कलम दहा वर्षांचं, त्यामुळे तो मार्ग त्याला नव्हताच.

तो मार्ग नसताना कुणी कमी शिक्षेचं आमिष दाखवून कबुली घेतली, तर सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक भूमिका घेतलेली आहे. कासमभाई शेख विरुद्ध गुजरात या १९८० च्या निकालात आणि थिप्पस्वामी विरुद्ध कर्नाटक या १९८३ मध्ये छापून आलेल्या निकालात. थिप्पस्वामीच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने कबुलीवर हलकी शिक्षा दिली आणि वरच्याने ती वाढवली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आमिषाने कबुली घ्यायची आणि मग शिक्षा वाढवायची हे घटनेच्या कलम २१ ला (जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काला) धरून नाही. कबुली बाजूला ठेवा आणि खटला चालवा. तुझ्या बाबतीत अडचण अशी की तो शब्द तुमच्याच वकिलांनी दिला. सरकारी वकील त्या बोलण्यात होते का, कोर्टात तशी काही चर्चा झाली का, कुणासमोर झाली, हे शोधावं लागेल. नुसता आपल्या वकिलाचा चुकलेला अंदाज असेल तर उच्च न्यायालय सहसा हलत नाही. आणि हा मुद्दा घ्यायचा तर अपिलासाठी वकील दुसरे हवेत, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

कबुली रद्द झाली तर पुढे काय, तेही आईला स्पष्ट सांग. भाऊ निर्दोष सुटत नाही. खटला पहिल्यापासून सुरू होतो, आणि दहा वर्षांची कमाल पुन्हा डोक्यावर येते. अर्थात तेव्हा पुरावा सरकारने द्यायचा असतो, आणि तू सांगतेस तसा फोन आणि पैसे एवढाच पुरावा असेल तर तो लढण्यासारखा खटला आहे. सहआरोपीने पोलिसांकडे घेतलेलं नाव तर पुराव्यात चालतच नाही. अमली पदार्थांच्या कायद्याखालच्या अधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाबही चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने तोफान सिंगच्या खटल्यात २०२० साली ठरवलं. म्हणूनच कबुली दिली त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

शिक्षेवरच्या अपिलात बोलायला बरंच आहे. पहिला गुन्हा, वय, त्याच्याकडे काही न सापडणं, चौदा महिने कच्च्या कैदेत, घरची परिस्थिती. दंडाऐवजीचं एक वर्ष तर मी वेगळा मुद्दा करून मांडेन. शांतीलाल विरुद्ध मध्य प्रदेश या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखालच्या गरीब आरोपीची, एक लाख दंड न भरल्याबद्दलची तीन वर्षं सहा महिन्यांवर आणली. दंड भरता येत असेल तर प्रश्न मिटला, पण पन्नास हजारांसाठी दागिने मोडायच्या आधी वकिलाशी बोल.

एक गैरसमज काढून टाक. तुरुंगात कुणीतरी सांगितलं असेल की चांगल्या वागणुकीची माफी मिळून चाराची तीन होतात. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ३२-अ आहे. त्या कलमाने ही माफी मिळत नाही, अमली पदार्थ सेवनाच्या कलमाखालची शिक्षा तेवढी अपवाद. आधीचे चौदा महिने मात्र चार वर्षांतून वजा होतात. ते वजा केल्याचं निकालात लिहिलंय ना, पाहून घे. म्हणजे आज त्याचे साधारण अडीच वर्षं उरले आहेत.

अपील चालू असताना शिक्षेला स्थगिती मिळवून त्याला बाहेर काढता येतं. कलम ३२-अ मुळे पूर्वी शंका होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दादू ऊर्फ तुळशीदासच्या निकालात दूर केली. व्यापारी प्रमाण असतं तर जामिनासाठीच्या कलम ३७ च्या कडक अटी आडव्या आल्या असत्या, एक किलोच्या आतल्या चरसाला त्या लागत नाहीत. ठरावीक मुदतीची शिक्षा असेल आणि अपील लवकर सुनावणीला यायचं नसेल, तर स्थगितीचा विचार उदारपणे व्हावा असं १९९९ च्या भगवान रामा शिंदे गोसाई विरुद्ध गुजरात या निकालात म्हटलेलं आहे. तुझ्या वकिलाने तो जोडायला हवा.

शिक्षा वाढेल का, ही आईची भीती असणार. त्याच्या एकट्याच्या अपिलावरून वाढत नाही. सरकारने वाढीसाठी वेगळं अपील केलं, किंवा उच्च न्यायालयाने स्वतः तशी नोटीस काढली, तरच तो प्रश्न येतो, आणि तेव्हा थिप्पस्वामीचा निकाल तुमच्याच बाजूचा.

मुदत साठ दिवसांची होती. प्रत मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळतात, तरी तुमची उलटलीच आहे. विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल. त्यात खरं तेच लिहा : भाऊ तुरुंगात, घरात कायदा कळणारं कुणी नाही, आणि अपील होत नाही असं सांगितलं गेलं. आजारपणाचे दाखले जमवू नका, न्यायाधीशांना ते लगेच ओळखता येतात. पैसे नसतील तर पर्वरीला उच्च न्यायालयाची विधी सेवा समिती आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ तसं सांगतं. भाऊ तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवू शकतो. वकीलपत्रावर त्याची सही तुरुंगातच घेऊन अधीक्षकांची साक्षांकन सही घ्यावी लागते, त्यात एक आठवडा सहज जातो.

राहिले ते दोघे. त्यांच्या तारखांना तू जात जा, निदान रोजनामा पाहत जा. कट एकट्याने होत नाही. ज्यांच्याबरोबर कट केला असं म्हटलं ते सगळे सुटले, तर एकट्या उरलेल्याची कटाची शिक्षा टिकत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने तोपनदास विरुद्ध मुंबई राज्य या १९५५ च्या निकालात म्हटलं आहे. तिथे कबुली नव्हती, आणि कलम २९ मध्ये कटाबरोबर चिथावणीही येते, त्यामुळे हा निकाल आपोआप लागू होईल असं धरून चालू नकोस. पण उच्च न्यायालयात अपील जिवंत असेल तर तो मुद्दा सांगता येईल, अपीलच नसेल तर सांगणार कुठे? दुसरं, तुझ्या भावाला आता त्याच खटल्यात सरकारी साक्षीदार म्हणून बोलावलं जाऊ शकतं. तिथे शपथेवर तो जे बोलेल ते अपिलातल्या म्हणण्याशी जुळलं पाहिजे. समन्स आलं तर आधी वकिलाला दाखवा.

माझ्या मते शिक्षेवरचं अपील आणि स्थगितीचा अर्ज लगेच करा. कबुलीचा मुद्दा त्याच अपिलात पहिला घ्यायचा की सोडायचा, ते रोजनामा हातात आल्यावर ठरवा.

प्रश्न : माझा भाचा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, क्रूझवर केबिनमध्ये काम करायचा. फ्लोरिडात बंदरावर त्याच्यासह तिघांना दीड किलो कोकेनच्या प्रकरणात पकडलं. तिथल्या संघीय न्यायालयात त्याने कटाचा गुन्हा कबूल केला, ७० महिने शिक्षा झाली. कबुलीच्या करारात 'अपील करणार नाही' असं लिहून दिलंय. शिक्षेला तीन आठवडे झाले. बहीण रडून अर्धी झाली. इथून काही करता येईल का?
— एक मामा, डिचोली

उत्तर : मासिक छापून तुमच्या हाती येईपर्यंत मुदत गेली असती, म्हणून संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन पहिला भाग फोनवर सांगितलाच. इतर तारवटी कुटुंबांसाठी इथे लिहिते.

तिथे अपिलाची नोटीस निकाल नोंदल्यापासून चौदा दिवसांत द्यावी लागते. आपले साठ दिवस मनात धरून बसलेली घरं इथेच चुकतात. सबळ कारण दाखवलं तर खालचं न्यायालय आणखी तीस दिवसांपर्यंत वाढवू शकतं, म्हणून तीन आठवड्यांनंतरही हालचाल करण्यात अर्थ होता. नोटीस म्हणजे एका पानाचा कागद, मुद्दे नंतर मांडायचे. भाच्याने आपल्या वकिलाला, सरकारने दिलेला असला तरी, 'नोटीस दे' असं स्पष्ट सांगायला हवं, शक्यतो लेखी. त्याने सांगूनही वकिलाने दिली नाही, तर करारात अपील सोडलेलं असलं तरी तो वकिलाचा दोष धरला जातो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गार्झा विरुद्ध आयडाहो या खटल्यात २०१९ साली हे ठरवलं.

मात्र नोटीस दिली म्हणजे अपील ऐकलं जाईल असं नाही. फ्लोरिडाची अपिलं अटलांटाच्या अकराव्या सर्किटपुढे (तिथलं विभागीय अपील न्यायालय) जातात, आणि समजून-उमजून सोडलेला अपिलाचा हक्क ते न्यायालय सहसा परत देत नाही. कबुलीच्या दिवशी तिथे न्यायाधीश आरोपीला शपथ देऊन प्रश्न विचारतात. कुणी धमकावलं का, करारापलीकडे काही वचन दिलं का, कोणते हक्क सोडतोय हे कळतं का, वकिलावर समाधानी आहेस का? ती सगळी उत्तरं शब्दशः नोंदलेली असतात. वर पेडण्याच्या बहिणीला मी ज्या नोंदी शोधायला सांगितल्या, त्या तिथे पानंच्या पानं मिळतील, आणि बहुधा भाच्याच्या विरोधात जातील. तरी ती प्रत मागवा. दुभाषी होता का ते पाहा. कोकेन ५०० ग्रॅम ते पाच किलो असेल तर तिथे किमान पाच वर्षं, कमाल चाळीस. कटाला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा, आपल्यासारखीच. ७० महिने हे किमानाच्या फार वर नाहीत, हे बहिणीला समजावा.

उरतो दुसरा मार्ग. वकिलाने नीट काम केलं नाही, असा अर्ज शिक्षा देणाऱ्या न्यायालयातच एका वर्षाच्या आत करायचा असतो. शिक्षेनंतर हद्दपारी होईल हे वकिलाने सांगितलं नाही, हा मुद्दा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या, पॅडिला या आरोपीच्या २०१० च्या आणि ली या आरोपीच्या २०१७ च्या निकालांमुळे तिथे चालतो. पण ली लहानपणापासून अमेरिकेत राहिलेला होता, त्याचं सगळं आयुष्य तिथे. तुमच्या भाच्याला तर घरीच यायचंय. हा मुद्दा त्याच्यासाठी दुबळा आहे, कुणी त्यासाठी डॉलरमध्ये फी मागितली तर देऊ नका. अटलांटाच्या भारतीय वकिलातीला मात्र कळवा. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार त्यांना त्याला भेटण्याचा हक्क आहे. त्यांनी वकील देण्याची अपेक्षा ठेवू नका, पण घरचा निरोप आणि औषधांची चौकशी एवढं तरी होतं.

प्रश्न : मुलाकडे ८ ग्रॅम चरस सापडला. वय २०. ओळखीचे वकील म्हणतात, दंड भरून मोकळा हो. त्याला पुढे बोटीवर जायचंय. कबूल करावं का?
— एक वडील, फोंडा

उत्तर : मोकळा होत नाही. ८ ग्रॅम हे अल्प प्रमाण, शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कबुलीवर नुसता दंड झाला तरी ती दोषसिद्धीच, आणि पुन्हा तशाच गुन्ह्यात सापडला तर शिक्षा दीडपटीपर्यंत जाऊ शकते. पासपोर्टला ही शिक्षा सहसा आड येत नाही, तिथला नियम दोन वर्षं किंवा अधिक शिक्षेचा आहे. खरी अडचण बोटीची. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या बोटीवर त्यांचा व्हिसा लागतो, आणि अमली पदार्थांची कोणत्याही देशातली दोषसिद्धी तो नाकारायला पुरते. सवलतीचा अर्ज असतो, पण बोटीची कंपनी तेवढं थांबत नाही.

मुलाला खरंच सवय लागली असेल, तर कलम ६४-अ पाहा. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जातं. बांबोळीच्या मनोरुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार होतात, तिथे आधी दाखवून कागद तयार करा आणि मग वकिलाला अर्ज करायला सांगा. सवय नसेल तर पंचनामा, वजन आणि प्रयोगशाळेचा अहवाल वाचल्याशिवाय त्याला काहीही कबूल करू देऊ नका. पहिल्या तारखेला अहवाल आलेला नसेल तर पुढची तारीख मागा, ती मिळते.